वैशाखातली ओल

शालननं मान वर करून पाहिलं, तेव्हा तिची दोरी एका अनोळखी माणसाच्या हातात होती.

सकाळभर खपून तिनं ती दोरी लावली होती. उतारावर चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोरी बांधायची आणि त्या चौकटीत कोणती झाडं, कोणतं गवत, कोणते नेचे आहेत ते बघत बसायचं, हे तिचं काम. शेवटच्या खुंटीपाशी गुडघे टेकून ती दगडानं ठोकाठोक करत होती. आणि पहिल्या खुंटीपासून हा गृहस्थ दोरी सोडवत, कोपराभोवती गुंडाळत, मुळीच घाई न करता तिच्याकडे चालत येत होता. उंच, सावळा, डोक्याला मुंडासं. तोंडावर राग मावत नव्हता.

“ही दोरी माझी आहे,” शालन म्हणाली.

“जमीन आमची हाय,” तो म्हणाला.

पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं एम. एस्सी. करताना तिला पुष्कळ शिकवलं होतं, पण कुणी दोरी ओढून नेली तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं विचारलं, कोणी धाडलं, धरणवाल्यांनी की सरकारनं? हिचं उत्तर यायच्या आधीच त्यानं हातातली खुंटी खाली टाकली. खाली मुळशीचं तळं निळंशार पसरलं होतं. त्याच पाण्याखाली त्याच्या वडिलांचं, हैबतरावांचं गाव होतं. हैबतरावांना मिसरूड फुटत होती, तेव्हा असेच कुणी परके लोक दोऱ्या आणि खुंट्या घेऊन शेतात उतरले होते, आणि मग पाणी आलं होतं. घर गेलं, खाचरं गेली, राहिलेली माणसं वर उतारावर येऊन वसली. त्याला चाळीस वर्षं होत आली, तरी या भागात कुणी जमिनीत खुंटी ठोकली की घराघरातून कुणी ना कुणी धावून यायचं. शालनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की समोरचा माणूस रागावलेला आहे आणि आपण एकट्या आहोत.

“मी झाडं मोजते,” ती कशीबशी म्हणाली.

“झाडं? तोडायला?”

“नाही हो... नुसती बघायला.”

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की शालनला स्वतःलाच आपलं बोलणं खोटं वाटू लागलं. मग तिला एकदम आठवलं आणि तिनं आत्याचं नाव घेतलं. ती रत्नाबाईंची भाची. आत्याकडेच उतरली आहे, हवं तर चला विचारायला. त्या नावानं जादू केली. रत्नाबाईंचं घर आणि याचं घर एकाच ओळीत होतं. राग जाऊन तोंडावर आधी नवल आलं, मग लाज. जयसिंगनं, हो, जयसिंग त्याचं नाव, मुकाट्यानं दोरी उलगडली. परत बांधून दिली. आणि तिनं ठोकलेली खुंटी दोन बोटांनी उपटून दाखवली.

“ही अशी ठोकत्यात व्हय? शेरडू घासलं तरी पडंल.”

त्यानं चारही खुंट्या पुन्हा ठोकून दिल्या. शालननं आभार मानले, तेव्हा तो हसला. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला, पण ते कबूल करायला तिला बरेच महिने लागायचे होते.

तिचं येणं रविवारी असे. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचं, आत्याकडे झोपायचं, सकाळी उतारावर काम करायचं आणि दुपारच्या गाडीनं मातीनं भरलेल्या डब्या घेऊन पुण्याला परत. पुढच्या रविवारी जयसिंग उतारावर होता, योगायोगानं. त्याच्या पुढच्या रविवारीही योगायोगानंच होता. कधी त्याची म्हैस तिकडं गेलेली असे, कधी हिरडे किती धरलेत ते बघायचं असे. एकदा तर म्हैसही नव्हती आणि हिरडेही नव्हते, तेव्हा त्यानं विचार करून सांगितलं की आज हवा बरी आहे म्हणून आलो.

शालन मुळातच काळजी करणारी. एसटी चुकेल का, डबीचं झाकण सैल आहे का, आत्याला आपला त्रास होत असेल का. वडील पोलिसात जमादार, त्यांनी एकच वर्षाची मुभा दिली होती, तेव्हा वर्षात काम संपेल का. या सगळ्या काळज्यांच्या रांगेत आता एक नवी येऊन बसली. आपण बोलतो ते याला आवडतं, की पाहुणी म्हणून ऐकून घेतो?

कारण तो ऐकायचा मात्र मन लावून. एका रविवारी त्यानं विचारलं, एवढा सगळा डोंगर सोडून हीच जागा का. शालन खुलली. तिनं वर बोट दाखवलं. तो सडा. नुसता कातळ, वर पसाभर माती, पाऊस संपला की वाळून कोरडीठाक. मग खाली दाखवलं. तो तळ्याचा काठ, चिखल आणि लव्हाळी. आणि ही मधली जागा.

“आमच्या शास्त्रात तिन्हींना नावं आहेत. कोरडी ती झेरिक, पाणथळ ती हायड्रिक आणि ही मधली मेसिक.”

“मेसिक,” त्यानं शब्द तोंडात घोळवून पाहिला. “मंजी दमट?”

“दमट हवेला म्हणतात. इथं मातीचं बोलायचं. मुळांना पुरेल एवढी ओल, पण पाणी साचलेलं नाही. झाडाला तहान नाही आणि चिखलही नाही.”

“मंजी ह्या जांबळीचं नाव मेसिक?”

“जांभळीचं नाही, जागेचं. अशा जागेत वाढणाऱ्या झाडाला मेसोफाइट म्हणतात, तो शब्द वेगळा. मेसिक म्हणायचं ते झाड जिथं राहतं त्या ठिकाणाला.”

मग किती ओल असली म्हणजे मेसिक, शेरभर की अदशेर, असं त्यानं विचारलं. शालननं सांगितलं की असा ठरीव आकडा नाही. आजूबाजूच्या जागांच्या तुलनेत ठरवायचं. सड्याहून ओली, काठाहून कोरडी, म्हणून ही मेसिक. हीच माती कोकणातल्या दाट रानाशेजारी ठेवली तर कोरडी ठरेल, आणि नगरकडे नेली तर लोक म्हणतील केवढी ओली.

जयसिंगनं गवताची एक काडी उपटली. मग ती चावत म्हणाला,

“मान्सांत बी असत्यात का ह्या तीन जाती?”

“असतात की.”

“मंग म्या कंच्यात?”

“अजून मोजलं नाही,” शालन म्हणाली.

म्हणाली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. असं बोलणं तिच्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं. जयसिंगनं काडी बदलली आणि तळ्याकडे बघत राहिला. ओठाच्या कोपऱ्यातलं हसू त्याला लपवता आलं नाही.

त्याच दिवशी, विषय बदलायचा म्हणून, शालन आणखी एक गोष्ट बोलून गेली. ती म्हणाली की आता थंडी आहे, माती ओली दिसते, यात काही विशेष नाही. पावसाळ्यात तर सगळाच मुलूख ओला. खरी परीक्षा वैशाखात. वैशाखातल्या उन्हातही इथं ओल टिकली, तरच या जागेला मेसिक म्हणायचं.

“आन् न्हाई टिकली तर?”

“मग दुसरी जागा बघायची. सर म्हणतात मुठा गावाकडं चांगले उतार आहेत.”

“मंग हितलं येनं?”

“इथलं काम संपलंच मग.”

ती सहज बोलली. कामाचं बोलताना ती नेहमी सरळ बोलत असे. जयसिंगनं काडी टाकून दिली आणि तो उठून घराकडे निघाला.

ओल मोजायची रीत साधी होती. हातभर खणून माती डबीत भरायची, झाकण घट्ट लावायचं. कॉलेजात तिचं वजन करायचं, भट्टीत वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी ओल. पौषात तिन्ही जागांची ओल उतरू लागली, माघात आणखी उतरली. उतारावरची अशी झपाट्यानं उतरत होती की शालनला अन्न गोड लागेना. सर म्हणाले, तुझा उतार काही वैशाखापर्यंत टिकत नाही, मुठ्याची तयारी कर. होळीच्या सुमारास आली तेव्हा तिनं हे जयसिंगला सांगितलं. सांगताना आवाज जरा कापला. मुठ्याला जायचं म्हणजे काही काळ्या पाण्यावर जायचं नव्हतं, पण तिचा आवाज कापला खरा.

“न्हाई टिकत म्हंता?” त्यानं विचारलं.

“नाही टिकत.”

“बगू की,” तो म्हणाला. “देवाला काळजी.”

आणि काय नवल, पुढच्या वेळी ओल उतरली नाही. त्याच्या पुढच्या वेळी उलट जराशी चढली. शालन प्रयोगशाळेतच टाळ्या पिटणार होती. रविवारी आली तेव्हा तिनं उतारावर पोचायच्या आधीच लांबून हात हलवून सांगितलं की टिकली, ओल टिकली. जयसिंगनं ऐकून नुसती मान डोलावली. तो दमलेला दिसत होता. सदऱ्याच्या गळ्याशी, खांद्यावर, एक लालभडक वळ तिला दिसला. तिनं विचारलं तर म्हणाला, भाताची पोती वाहिली. चैत्रात कसली भाताची पोती, हे शेतकऱ्याच्या पोरीनं विचारलं असतं. ही पडली जमादाराची लेक. तिनं आत्याकडून तेल-हळद आणून दिली आणि घ्या ना, म्हणून दोनदा सांगितलं. त्यानं वाटी घेताना बोटांना बोटं लागली. तो दिवस शालनच्या फार चांगल्या दिवसांतला होता.

पण तिचं सुख फार टिकणारं नव्हतं, कारण ती विचार करणारी मुलगी होती. चैत्र सरत आला. सडा तापून तव्यासारखा झाला. तळं आटत खाली गेलं, काठाच्या चिखलाला भेगा पडल्या, पाण्याखालच्या जुन्या गावाच्या भिंतींची डोकी वर दिसू लागली. सगळीकडची ओल उतरली आणि एकट्या तिच्या चौकटीतली वाढली. असं कसं होईल? तिनं वजनं पुन्हा केली. तराजू तपासला. डब्या बदलल्या. नव्या राज्याची स्थापना म्हणून पुण्यात दिव्यांची रोषणाई झाली, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर आलं होतं आणि ही पोरगी प्रयोगशाळेत माती वाळवत बसली होती. आकडा तोच आला.

सरांनी तो पाहिला आणि चष्मा काढला.

“शालन, एक तर तुझ्या उताराखाली झरा आहे, नाही तर तुला वजन करता येत नाही.” ते थोडे थांबले. “तिसरी शक्यता मी बोलत नाही.”

तिसरी शक्यता काय ते तिला कळलं. मुठ्याला जायला नको म्हणून पोरीनं आकडे घरीच तयार केले, हेच ना? सर म्हणाले, शुक्रवारी मी स्वतः येतो, जागेवर बघू. शालन होय म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसली. खोटं तिनं केलं नव्हतं. पण मुठ्याला जायला तिला नको होतं, हे मात्र खरं होतं. आणि तेवढ्यानंच तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारपर्यंत वाट बघणं तिच्यानं झालं नाही. बुधवारी संध्याकाळी ती आत्याच्या दारात हजर. आत्यानं विचारलं, अगं पोरी, आज मधीच? काम आहे, एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी नुकतं फटफटत होतं, तेव्हा ती उताराकडे निघाली. झरा असेल तर गारव्याच्या वेळी माती पाझरताना दिसेल, असा तिचा हिशेब.

झरा दिसला नाही. जयसिंग दिसला. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना पाण्यानं भरलेल्या घागरी, आणि तो तळ्याच्या बाजूनं, आटत आटत पार खाली गेलेल्या त्या पाण्याकडून, उभा चढ चढून येत होता. वर आल्यावर त्यानं कावड टेकवली. चौकटीच्या वरच्या अंगाचा पाचोळा बाजूला केला. खाली पहारीनं पाडलेली भोकं होती, ओळीनं. एकेका भोकात तो पाणी सोडू लागला. सांडू नये म्हणून घागरीच्या तोंडाशी तळहात धरत होता. पाणी देऊन झालं की भोकावर पुन्हा पाचोळा.

शालन जांभळीला धरून उभी राहिली. सगळं एका क्षणात कळलं, तो वळ, ती पोती, ती चढलेली ओल, आणि आधी तिला हसू येतंय की काय असं वाटलं. पण आला तो राग.

“हे काय करताय?”

घागर त्याच्या हातून निसटली. पाणी उतारावरून खाली गेलं.

“काय करताय म्हणते मी?”

“तुमी... तुमी आज कशा?”

“माझी सगळी मापं खोटी ठरली,” शालन म्हणाली. “होळीपासूनची सगळी. सर मला खोटारडी समजतायत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं पाणी घालायला?”

तो खरंच गोंधळला होता. मग म्हणाला,

“तुमीच म्हनला व्हता ना, वैशाखात परीक्षा हाय जिमिनीची. जिमीन नापास झाली तर तुमी मुठ्याला जानार. म्हनून... म्हनून म्या तिला पास करत व्हतो.”

“पण ती नापास होत असेल तर होऊ द्यायची असते. जसं आहे तसं मोजायचं, यालाच तर...” तिनं भोकांकडे बोट दाखवलं. “मला जागा मेसिक नको होती हो. ती आहे की नाही, एवढंच हवं होतं.”

“मला ते कळलं न्हाई,” जयसिंग म्हणाला. “मला येवडंच कळत व्हतं का रविवार आला पायजे.”

यावर कुठलीही मुलगी विरघळली असती. शालनही विरघळली, पण काळजीनं तिला लगेच गोठवून टाकलं. उद्या सर येणार. त्यांना सांगावं लागणार की पाणी घातलं गेलं. ते विचारणार, कोणी? आणि त्याहून वाईट म्हणजे विचारणार, का? समोर आत्या असेल, गाव असेल. का, याचं उत्तर एकदा बाहेर पडलं की आत्या तिची पिशवी भरून देईल, आणि जमादार पुन्हा तिला पुण्याच्या वेशीपलीकडे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. तिनं हे सगळं भडाभडा बोलून दाखवलं.

जयसिंगनं रिकामी घागर उचलली.

“तुमी कायबी बोलू नगा. म्या बगतो.”

काय बघणार, ते त्यानं सांगितलं नाही. गुरुवार कसा गेला ते शालनलाच ठाऊक. आत्यानं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवारी सर आले. पांढरी टोपी, बूट, हातात छत्री. त्यांच्यामागे आत्या, पाहुण्यांच्या भाकरीचं गाठोडं घेऊन. आणि आपल्या जमिनीत कोण मास्तर येतोय ते बघायला खुद्द हैबतराव, काठी टेकत. दोरी-खुंट्या बघून त्यांच्या कपाळाला अजूनही आठ्या पडत. जयसिंग जरा बाजूला उभा होता. त्यानं शालनकडे एकदाही पाहिलं नाही.

सरांनी मूठभर माती घेऊन दाबली. ढेकूळ झालं, फुटेना. त्यांनी वरच्या अंगाला चार पावलं टाकली, छत्रीच्या टोकानं पाचोळा सारला आणि वाकून पाहिलं.

“ही भोकं कसली?”

हैबतरावही काठी टेकत वाकून बघू लागले.

“म्या पाडली,” जयसिंग म्हणाला. “पानी घालाया.”

“पाणी? इथं? कशासाठी?”

जयसिंगनं आत्याकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला,

“आंब्याची कलमं लावायची व्हती. जागा मऊ करत व्हतो. ह्या बाईंना सांगाया पायजे व्हतं, ऱ्हाऊन गेलं.”

सरांचा चेहरा उजळला. कोडं सुटलं की कुठल्याही प्राध्यापकाचा उजळतोच. ते शालनकडे वळले आणि म्हणाले की तुझी वजनं बरोबर होती तर, मी उगाच शंका घेतली. मग प्रश्न मिटला. लागवडीची जमीन आपल्या कामाची नाही. सोमवारपासून मुठ्याचा उतार बघू.

सगळं सुटलं. शालनवर बोट नाही, गावात बोभाटा नाही, आत्याच्या तोंडावर संशय नाही. होय सर, एवढं म्हणायचं आणि दुपारची गाडी पकडायची. जयसिंगनं खरोखर सगळं बघितलं होतं. फक्त त्यात रविवार उरला नव्हता, आणि ते त्यालाही कळत होतं, कारण तो अजून मान वर करत नव्हता.

“कलमं?” हैबतराव म्हणाले. “हितं? मला कोन बोललं न्हाई ते.”

“कलमांसाठी नाही, सर,” शालन म्हणाली.

आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. सर वळले. जयसिंगनं मान वर केली आणि नको, नको, असं डोळ्यांनी सांगितलं. पण आता तिला थांबता येत नव्हतं.

“मीच यांना सांगितलं होतं की इथली ओल टिकली नाही तर मी इथं येणार नाही. म्हणून यांनी ती टिकवली. तळ्यापासून कावडीनं पाणी आणून... मी येत राहावं म्हणून.” तिनं श्वास घेतला. “त्यांची चूक झाली, सर. मापं सगळी रद्द करा. पण मला मुठ्याला जायचं नाही. मलाही इथंच यायचं आहे. ही जागा कोरडी निघाली तरी.”

आत्यानं पदर तोंडाला लावला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वनस्पतिशास्त्राची त्यांची पंचवीस वर्षं या प्रसंगाला काही उपयोगी पडत नव्हती. शेवटी ते आपल्याला समजत होतं तेवढंच बोलले, की होळीनंतरची मापं बाद, पुढचा उन्हाळा पुन्हा मोजावा लागेल, वर्ष गेलं. शालन हो म्हणाली.

हैबतराव मात्र पोराकडे बघत होते.

“कंदीपासनं व्हातोयस पानी?”

“शिमगा झाल्यापासनं.”

“तळ्यापासनं? रोज?”

“व्हय.”

“आन् म्हशीला एक घागर आन म्हनलं, का तुजी पाठ दुकती,” हैबतराव म्हणाले.

आत्या पदराआड हसली का रडली, ते कळलं नाही. म्हातारा उताराकडे बघत उभा राहिला. त्या दोरीकडे, खुंट्यांकडे, खाली तळ्यात दिसणाऱ्या भिंतींकडे. काय त्याच्या मनात आलं, देव जाणे. मग तो सरांच्या जवळ गेला.

“मास्तर, ह्या पोरीच्या बापाला कुटं गाठायचं?”

सरांनी सांगितलं की पुण्यात, आणि दुपारच्या गाडीनं मी जातोच आहे, येत असाल तर बरोबर चला. हैबतरावांनी मान हलवली आणि पटका बांधायला घराकडे निघाले. आत्या त्यांच्यामागून घाईघाईनं उतरली, जमादाराला, म्हणजे आपल्या भावाला, काय कसं सांगायचं ते समजावत. सरांना एकाएकी सड्यावरचं गवत बघायची आठवण झाली आणि ते छत्री उघडून वर चालू लागले.

दोघंच उरली. ऊन चढलं होतं. जयसिंग तिच्यापासून चार हातांवर उभा होता आणि त्याला पुढं यायचं धाडस होत नव्हतं. शालनला नवी काळजी लागलीच होती. वडील कसे बोलतील, काय विचारतील, हैबतराव तिथं आवाज चढवतील का? तीच काळजी त्याच्याही तोंडावर दिसत होती.

“तुमचं वडील न्हाई म्हनलं तर?” त्यानं विचारलं.

“तर मी हो म्हणेन.”

बोलून झाल्यावर ती तिथंच खाली, त्यानं भिजवलेल्या मातीवर बसली. जयसिंग येऊन शेजारी बसला.